आबांचं नाक, आत्तीचे कान

कोल्हापूर
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्ती,

पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुमच्या घरातला एकुलता एक मोबाईल आबांच्या खिशात असतो. मेसेज केला तर तो आधी माझा बाप वाचणार आणि मग आपल्या बहिणीला दाखवायचा की नाही ते ठरवणार. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या मिरची कांडायच्या डंकावर पाठवते. वाच आणि मिरचीच्या पोत्याखाली ठेव. तिथे हात घालायची कुणाची छाती नाही.

मला महिनाभर खोकला होता. दिवसा बरी असायची, पहाटे मात्र उठून बसावं लागायचं. तुझा जावई अतुल शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर आवाजात असतो, तोसुद्धा म्हणाला, "तुझ्या खोकल्यापुढं आमची भट्टी गप हाय म्हणायची. चल दवाखान्यात." नाक-कान-घशाच्या डॉक्टर तेजस्वी म्हणून आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी विचारलं, सर्दी कधीपासून? मी म्हटलं, सर्दी नाही हो, आमच्या घराण्याचं नाकच तसलं आहे. त्या हसल्या आणि त्यांनी मला एका नळीत फुंकायला लावलं. आत्ती, मला दमा आहे.

लगेच पदर डोळ्याला लावू नकोस. त्यांनी छान समजावून सांगितलं. म्हणाल्या, नाक आणि छाती या दोन वेगळ्या खोल्या नाहीत, एकाच घराचा पुढचा सोपा आणि मागचा सोपा आहे. नाकाची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला दमा होतो असं नाही, पण दमा असलेल्या बहुतेकांचं नाक आधीपासून कुरकुरत असतं. आपण ते सर्दी म्हणून सोडून देतो. म्हणून आता नाकाला फवारा आणि छातीला पंप, दोन्ही चालू आहे. दहा दिवस झाले, मी पालथी पडून झोपते.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? आणि मला आबांच्या सकाळच्या एकवीस शिंका आठवल्या. त्या शिंकांवर आपल्या गल्लीत चहा टाकायचे.

आबांना मी विचारू शकत नाही, तुला माहीत आहे. आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला माझा बाप आला नाही. वर दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "ते कबुतराचं खुराडं हाय, तिथं काय यायचं?" दोन वर्षं होत आली. फोनवर "बरं हाय न्हवं?" "बरं आहे" यापलीकडे आमचं बोलणं नाही. पण राग वेगळा आणि काळजी वेगळी. आत्ती, तू एकाच घरात असतेस. रात्री त्यांची छाती वाजते का, शिट्टीसारखा आवाज येतो का, तेवढं बघ आणि कळव. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

तुझी,
संयू


कुरुंदवाड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. संयू,

आशीर्वाद, आणि पाठीत एक रट्टा. महिनाभर खोकलीस आणि मला आत्ता सांगतेस? पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा पाच गिऱ्हाईकं होती. सगळ्यांना हळकुंडं बघत बसवून मी मागे जाऊन वाचलं.

आता दादाचं. तो ठणठणीत आहे. मी तीन रात्री मुद्दाम जागी राहिले, त्याच्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राहिले. शिट्टी नाही की घरघर नाही, अगदी शांत. शिंका येतात, पण त्या तुझ्या आजोबांनाही यायच्या. शिवाय डंकाच्या मागच्या भिंतीला घर, इथे कोण शिंकत नाही? कुरुंदवाडातली चटणी न्यायला येणारी प्रत्येक बाई नाक पुसतच घरी जाते. त्या सगळ्यांना दमा म्हणायचा का?

थोडा हळू चालतो एवढं खरं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पळायचं काय? ज्यानं पाटबंधारे खात्यात जन्म काढला, पुरात होडी घेऊन घराघरातून म्हाताऱ्या काढल्या, कृष्णा या तीरावरून त्या तीरावर पोहून गेला, त्याला काय धाड भरलीय?

एक गोष्ट मात्र माझ्या जिवाला लागते. रोज पहाटे चारला उठतो आणि मागच्या पायरीवर जाऊन बसतो. गुडघ्यावर हात, मान खाली, उजाडेपर्यंत तसाच. तुझी आई गेल्यापासून हे चालू आहे. वहिनीची आठवण काढतो बिचारा. मी जाते, पाठीवर शाल टाकते आणि न बोलता परत येते. अशा वेळी माणसाला बोलवू नये.

तुमच्या भांडणाचं मी काही बोलणार नाही. दोघांच्याही नाकावर राग, आणि ते नाकही एकच. पण तो पंप तेवढा सोड. शेजारच्या सोनूबाईच्या जावेला त्याची सवय लागली, आता पंपाशिवाय घराबाहेर पडत नाही. आल्याचा रस आणि मध घे. चटणीची बरणी पाठवते आहे, जपून खा, यंदा मिरची तिखट आहे.

तुझी आत्ती,
धोंडुबाई


कोल्हापूर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्ती,

बरणी मिळाली, बोट घालून चाटून झाली. पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग हसू थांबलं.

आत्ती, तू दाराला कान लावलास? तू? चाळीस वर्षं डंकाच्या मुसळांपुढे उभं राहून तुझे कान गेलेत गं. तुझ्यामागे बैलगाडी आली तर गाडीवान खाली उतरून तुला बाजूला करतो. त्या खोलीत रात्री बँड वाजला असता तरी तू मला "अगदी शांत" असंच कळवलं असतंस. रागावू नकोस. विचारणारी मीच वेडी.

पण दुसरं जे लिहिलंस त्यानं माझी झोप उडाली. पहाटे चारला उठून बसणं, गुडघ्यावर हात, मान पुढे. मी महिनाभर तशीच बसत होते. आडवं पडलं की श्वास पुरत नाही, बसलं की जरा मिळतो. आईची आठवण येत असेलच, ती मलाही येते. पण आठवण रोज बरोबर चारला येत नाही.

कान राहू देत. तू त्यांच्या पाठीवर हात ठेव. शाल टाकायला जातेसच, तेव्हा तळहात पाठीला लाव आणि थोडा वेळ ठेव. तुझ्या हाताला काय लागलं ते मला लिही.

पंपाचं म्हणशील तर, तुला चष्मा लागल्याला वीस वर्षं झाली. चष्म्याची सवय लागली म्हणून कधी रडलीस का? सोनूबाईची जाऊ पंप घेऊन का होईना, घराबाहेर पडते आहे, हे बघ. औषध थेट छातीत जातं म्हणून थोडंसंच पुरतं, आणि घेतल्यावर चूळ भरायची. एवढंच त्यातलं शास्त्र.

लवकर लिही.

संयू


कुरुंदवाड
२ डिसेंबर २०२४

चि. संयू,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. माझ्या तोंडावर कुणी मला बहिरी म्हणत नाही, मोठ्यानं बोलतात तेवढंच. तिसऱ्या दिवशी राग गेला, कारण पहाटे उठून मी तू सांगितलंस ते केलं.

दादा पायरीवर बसला होता. शाल टाकली आणि हात तिथेच ठेवला. संयू, डंक चालू असताना आपल्या मागच्या भिंतीला हात लावला तर कशी थरथर लागते, तशी त्याची पाठ थरथरत होती. प्रत्येक श्वासाला. मला वाटलं माझाच हात कापतोय, म्हणून दुसरा हात लावला. त्यालाही तेच.

तो वळून म्हणाला, "काय करालीस गं? काढ की हात."

मी म्हटलं, "किती दिस झालं हे?"

तो काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "मोठ्यांदा बोल, मला ऐकू येत न्हाय." जन्मात पहिल्यांदा मी हे वाक्य बोलले बघ.

मग तो कानाशी आला. थांबत थांबत बोलला, एका दमात चार शब्द. "लई दिस झालं. तुझ्या वहिनीला म्हाईत हुतं. ती पाठीमागं तीन उशा लावायची, मग झोप लागायची. ती गेल्यावर उशा लावून घ्यायची लाज वाटती."

म्हणजे मी सगळंच चुकीचं समजले नव्हते. पण शेजारच्या खोलीत माझा भाऊ तीन वर्षं श्वास ओढतोय आणि मी शाल टाकून, त्याला एकटं सोडून परत येत होते. समजूतदार बहीण म्हणून स्वतःवर खूषसुद्धा होत होते.

मी म्हटलं डॉक्टरला दाखव. तर म्हणतो, "आन सांगू काय? कृष्णा पवून जाणाऱ्याला दमा झालाय म्हणून? सर्दी हाय ती."

आता पुढचं नीट बस आणि वाच. तो तुझ्या वास्तुशांतीला आला होता. तुझ्यासाठी खण, नारळ आणि अतुलरावांना टोपी पिशवीत घेऊन, नवा सदरा घालून. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. "दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलतो," म्हणाला, "तिथं छाती बंद झाली. पायरीवर बसलो. एका बाईनं पाणी दिलं. वरनं पावण्यांचा हसण्याचा आवाज येत हुता. पोरीच्या सासरची सगळी माणसं, आन मी तोंड उघडं टाकून कसा जाऊ? तिला कमीपणा आला असता." अर्धा तास बसला आणि जिना उतरून गाडीला गेला. दुसऱ्या दिवशी तू फोनवर रडायला लागलीस, तेव्हा खरं सांगवेना म्हणून खुराड्याचं बोलला.

"संयूला यातलं एक अक्षर सांगितलंस तर बघ," असंही म्हणाला. ते मला नीट ऐकू आलं नाही, असं धरून मी हे पत्र लिहिते आहे.

काय करायचं ते तू सांग. मी ऐकेन.

आत्ती


कोल्हापूर
६ डिसेंबर २०२४

आत्ती,

पत्र वाचलं आणि तशीच एक मजला उतरून दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथे चिमणाबाई राहतात. त्यांना विचारलं, आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी तुम्ही कुणाला पाणी दिलं होतं का? म्हणाल्या, "व्हय की. एक म्हातारं पावणं हुतं, पांढरा सदरा. लई दमलं हुतं. कुणाकडं जायचंय म्हणून विचारलं तर म्हणालं, पत्ता चुकलाय." त्यांच्या समोरच्या त्याच पायरीवर मी बसले आणि रडले. चिमणाबाईंनी मलाही पाणी आणून दिलं.

दोन वर्षं मी रोज तो जिना चढउतार करते. माझा बाप अठरा पायऱ्या खाली बसला होता, आणि वर मी प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, आमच्या आबांचा स्वभावच तसला.

आत्ता उठून यावं आणि त्यांच्या गळ्यात पडावं असं वाटतं. अतुलनं थांबवलं. म्हणाला, "तुला कळलंय असं त्यांना कळलं तर ते दवाखान्याकडं फिरकायचे न्हाईत. आधी त्यांना श्वास घेऊ दे, मग रडा दोघं."

म्हणून एक बेत आहे, आणि त्यात बळी तुझा आहे. डॉक्टर तेजस्वी नाकाच्या तशा कानाच्याही डॉक्टर आहेत. तू आबांना सांगायचं, मला कान दाखवायला कोल्हापूरला जायचंय, डॉक्टर काय म्हणतात ते मला ऐकू येणार नाही, तू बरोबर चल. तुझ्यासाठी ते नक्की येतील. तिथल्या एसीत बसल्यावर दहा मिनिटांत शिंका सुरू होतील, पुढचं त्या बघतील. मी त्यांना सगळं सांगून ठेवलं आहे.

तुला कान दाखवायला आवडत नाही, मला माहीत आहे. गेली दहा वर्षं तू तो विषय काढू देत नाहीस. पण आत्ती, माझ्यासाठी एवढं कर.

संयू


कुरुंदवाड
२१ डिसेंबर २०२४

चि. संयू,

बेत पार पडला. तू ठरवला होतास तसा नाही, पण पडला.

दादा एका शब्दात तयार झाला. "चल की, मी तर दहा वर्सं म्हणतोय," म्हणाला. गाडीत खिडकीपाशी मला बसवलं, वाटेत शेंगा घेऊन दिल्या. मला फसवाफसवी जमत नाही, सारखं हसू येत होतं. तो म्हणाला, भीती वाटते म्हणून हसालीस.

माझ्यामुळे त्या खोलीत सगळेच मोठ्यानं बोलत होते. डॉक्टरीणबाई माझ्या कानात बत्ती घालून बघत होत्या आणि इकडे दादाच्या शिंका सुरू झाल्या. त्या न वळता म्हणाल्या, किती झाल्या? तो म्हणाला, नऊ. त्या म्हणाल्या, एकवीस होईपर्यंत थांबू. दादाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मग त्यांनी त्याचं नाक बघितलं, पाठ ऐकली आणि शेजारच्या खोलीत त्या नळीपाशी पाठवलं.

तिथली मुलगी ओरडत होती, "फुंका आजोबा, फुंका, अजून, अजून, सोडू नका." तेवढं मलाही ऐकू आलं. दादानं फुंकलं. मुलीनं कागदावरची खालीच राहिलेली रेघ दाखवली. दादा म्हणाला, "मशीन बिघडलंय तुमचं." मग त्याला पंप दिला, पुढे प्लास्टिकचा डबा लावून. वीस मिनिटं आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात मला दिसलं की त्याचे खांदे खाली आलेत. श्वास घेताना त्याचे खांदे वर चढतात, हे मी इतकी वर्षं बघत होते आणि त्याची ती ढबच आहे असं समजत होते.

दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा कागदावरची रेघ वर गेली. दादानं तो कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "आणखी एकदा फुंकू काय?"

डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं तेच त्यालाही सांगितलं. नाकाकडे इतकी वर्षं लक्ष दिलं नाही म्हणून छातीनं जास्त त्रास काढला. फवारा आणि पंप दोन्ही रोज घ्यायचे, बरं वाटलं तरी आपल्या मनानं सोडायचे नाहीत, आणि हळूहळू फरक पडेल. सगळं छान चाललं होतं. शेवटी उठताना त्या म्हणाल्या, "संयोगितालाही महिनाभरात बरं वाटलं, तुम्हालाही वाटेल." आणि जीभ चावली.

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी कान बंद करून घेतले, पण ते आधीच बंद आहेत.

परत येताना गाडीत माझ्या कानाशी येऊन तो एकच बोलला. "तिला जिन्याचं बी सांगितलंस?" मी मान हलवली. त्यानंतर पाच दिवस घरात एक शब्द नाही. पण औषध घेतो. चूळ भरताना अख्ख्या गल्लीला कळेल एवढी भरतो. काल मी चारला उठले तर पायरी रिकामी होती.

आता खरा प्रश्न. फेब्रुवारीपासून चटणीचा हंगाम. मिरची, हळद, धने, सगळ्याची धूळ मे महिन्यापर्यंत घरात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हंगामात यांनी इथे राहू नये. डंक बंद ठेवू म्हटलं तर तोच माझ्या अंगावर येईल, चाळीस वर्षांचं माझं काम आहे. तो चार महिने तुझ्याकडे राहिला तर? पण तो स्वतःहून विचारणार नाही, आणि तुलाही मी ओळखते.

आत्ती


कोल्हापूर
३ जानेवारी २०२५

प्रिय आत्ती,

मी तर आजच न्यायला येईन. मागची खोली रिकामी केली. गालिचा काढला, जुनी गादी काढली, उशांना नवे अभ्रे शिवले, धुळीचं काही ठेवलं नाही. अतुलनं बिऱ्हाडकरूंना विचारून प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवली आहे. दुसऱ्या मजल्यावरची चिमणाबाईंनी स्वतःच्या घरातली दिली.

पण मला विचारायची भीती वाटते. त्यांनी ज्या गोष्टीची लाज धरली तीच मला कळली आहे. आता मी बोलावलं तर त्यांना वाटेल, पोरगी कीव करते. ते नाही म्हणाले तर मी पुन्हा दोन वर्षं काढू शकणार नाही. तूच विचार ना. तुझं ते ऐकतात. ते काय म्हणाले तेवढं मला कळव.

संयू


कुरुंदवाड
९ जानेवारी २०२५

चि. संयू,

मी विचारणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ऐकायचं यंत्र माझ्या कानात बसलं. घरी येऊन डंक सुरू केला आणि दचकून बंद केला. एवढ्या आवाजात मी जन्म काढला? आता कानात बोळे घालून उभी राहते, तोंडाला फडकं बांधते. सोनूबाई म्हणते, दरोडेखोर दिसतेस.

काल रात्री दाराशी उभी राहिले. या खेपेला ऐकू आलं. थोडी घरघर अजून आहे, पण तो झोपला होता. झोपेत तुझं नाव घेतलं की वहिनीचं, ते नीट कळलं नाही, आणि उगाच खोटं लिहिणार नाही. सकाळी शिंका मोजल्या, सहा.

तुम्हा दोघांचा निरोप्या म्हणून दोन महिने काम केलं, ते तो बोलत नव्हता आणि मला ऐकू येत नव्हतं म्हणून. आता तो बोलतो आणि मला ऐकू येतं. माझी गरज संपली. पत्र त्याला लिही, त्याच्या नावानं, घराच्या पत्त्यावर. भीती वाटते हेसुद्धा त्यातच लिही.

आत्ती


कुरुंदवाड
२७ जानेवारी २०२५

चि. संयोगिता,

तुझं पत्र पोचून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी कागदावर काही लिहिलेलं नाही. तीन कागद फाडले. तुझी आत्ती दाराआडून बघते आहे आणि यंत्र बसल्यापासून तिला कागद फाडल्याचाही आवाज येतो. घरात आता काही लपत नाही.

प्रकृती बरी. औषध वेळेवर घेतो. सकाळी घाटापर्यंत जाऊन येतो, वाटेत एकदा थांबतो, पूर्वी चारदा थांबायचो. पोहायचं नाव काढलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळ्यानंतर बघू. तू तुझा पंप सोडू नकोस. आत्तीच्या आल्याच्या रसावर जाऊ नकोस, मी तीस वर्षं प्यालोय.

तू लिहिलंस, "आबा, तुम्ही रागावलात असं मी दोन वर्षं समजत होते." ती चूक तुझी नाही. मीच तसं समजू दिलं. बाप रागावलाय म्हटलं की पोरं लांब राहतात, बाप थकलाय म्हटलं की उचलायला धावतात. मला उचलून घ्यायची सवय नव्हती. आयुष्यभर लोकांनी माझा हात धरून पाण्यातून बाहेर यायचं, असा हिशोब होता. तो उलटा झाला तेव्हा मी चिडका म्हातारा झालो. त्यात तू रडलीस. ते मला माहीत होतं, तरी मी फोन केला नाही. दम्याला औषध आहे, याला नाही. तुझी माफी मागतो.

तुझं घर खुराडं नाही. मी ते बघितलेलंच नाही.

तुला भीती वाटते असं तू लिहिलंस, म्हणून मीही लिहितो. मला त्या जिन्याची अजून भीती वाटते. पुरात वाटली नव्हती एवढी वाटते. मधे बसावं लागेल, तोंड उघडं राहील, तुमच्या इमारतीतले लोक बघतील.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो. चार महिन्यांचे कपडे घेतले आहेत. अतुलरावांना कामावर जाऊ दे, त्यांनी सुट्टी काढू नये. तू एकटी खाली येऊन थांब.

आणि संयू, वर चढताना माझा हात धर.

आबा